वाड्यातली चेटकीण आणि गल्लीतली आजी



भुताखेतांच्या चित्रपटांबद्दल कॉलेजातल्या मास्तराने रेडिओवर बोलावं, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटलं. पण मागच्या पावसाळ्यात वर्ग सुटल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. रात्री मोबाईलवर त्याने एक जुना विलायती भयपट पाहिला होता. खेड्यातलं मोठं जुनं घर, त्यात चेटूक करणारी माणसं, मेणबत्त्या, मंत्र, असा सगळा सरंजाम. तो म्हणाला, "सर, असं खरंच असते का?" मी म्हणालो, "नसतं." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग आमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या घराकडं जाऊ नको, असं माय काहून म्हणते?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात झालं. दुसऱ्याचं अजून चालूच आहे.

माझं गाव मुकुटबन. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं, झरी-जामणी तालुक्यातलं. आता चुनखडीमुळे आणि सिमेंटच्या कारखान्यामुळे ते नाव पुष्कळांना ठाऊक झालं आहे; माझ्या लहानपणी मात्र कापूस, बाजार आणि स्टेशन एवढीच त्याची ओळख. १९९४ च्या गणपतीत आमच्या मंडळाने व्हीसीआर भाड्याने आणला आणि 'झपाटलेला' लावला. महेश कोठारे यांचा हा चित्रपट आदल्याच वर्षी आला होता. खुनी माणसाचा जीव मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, ही त्यातली गोष्ट. सारी गल्ली पोत्यांवर बसून हसत होती आणि दचकतही होती. मी तेरा वर्षांचा होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाच-सहा पोरांनी गल्लीच्या टोकावरच्या कौलारू वाड्यावर दगड मारले. त्या वाड्यात एक आजी एकटी राहत असे. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. त्या महिन्यात शेजारची एक म्हैस आटली होती, आणि विहिरीवरच्या बायकांच्या बोलण्यात आजीचं नाव यायला लागलं होतं. चित्रपटात आजीसारखी कुणी नव्हती. पण मंत्राने काहीही होऊ शकतं एवढं आम्ही रात्री पाहिलं होतं, आणि मंत्र म्हणणारी कोण, हे विहिरीवर आयतं ऐकायला मिळालं होतं.

तर आता चित्रपटांकडे वळू. भयपटाला मोठं घर का लागतं, याचा कधी विचार केला आहे काय? झोपडीत भूत राहत नाही असं थोडंच आहे? पण झोपडीत लपवायला जागाच नसते. वाड्याला माजघर असतं, बळद असतं, कुलूप लावलेली खोली असते, आणि त्या खोलीइतकाच बंद असलेला वाटणीचा तंटा असतो. १९४९ सालचा कमाल अमरोहींचा 'महल' अशाच एका ओस हवेलीत घडतो. २०१८ साली आलेला 'तुंबाड' तर कोकणातल्या वाड्याचाच. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नारायण धारपांची एक कथा त्यांनी आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली, आणि त्या बीजातून पुढे हा चित्रपट उगवला. त्यातला राक्षस हस्तर सोन्याचा आणि धान्याचा हावरा. त्याच्या हाती सोनं आहे, पण अन्न नाही. म्हणून माणूस कणकेचा बाहुला घेऊन वाड्याच्या पोटात उतरतो आणि मोहरा घेऊन वर येतो. बाप उतरतो, पुढे मुलाला उतरायला शिकवतो. तिथे भीती वाटते ती राक्षसाची कमी, बापाची जास्त. गेल्या काही वर्षांत इतकी नेमकी भीती दाखवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

विलायतेत अशा चित्रपटांचा एक मोठा बहर येऊन गेला. हॅमर नावाची कंपनी त्यात अग्रेसर. १९६६ सालचा तिचा 'द विचेस' हा चित्रपट शिक्षकांनी जरूर पाहावा, कारण त्यातली नायिका शिक्षिकाच आहे. जोन फाँटेन या नटीने ती भूमिका केली. आफ्रिकेत शिकवताना मांत्रिकांच्या दहशतीने हाय खाल्लेली ही बाई इंग्लंडातल्या एका शांत खेड्यात शाळा चालवायला येते. तिथे एक मुलगा आजारी पडतो, सुया टोचलेली बाहुली सापडते, आणि आपला संशय आपोआप एका म्हाताऱ्या गावकरी आजीकडे जातो. ती आजीही कटात असतेच म्हणा. पण साऱ्या कटाची मुख्य कोण? जिच्या भावाने शिक्षिकेला नोकरी दिली, जी शिकलेली आहे, लिहिणारी आहे, गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात राहते, ती बाई! एका कोवळ्या मुलीचा बळी देऊन तिला स्वतःचं आयुष्य वाढवायचं असतं. चित्रपट फार थोर आहे असं नाही, शेवट तर मला हास्यास्पदच वाटला. पण संशय झोपडीवर आणि सूत्रं हवेलीत, ही त्याची मांडणी मनातून जात नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. हा चित्रपट निघाला तेव्हा त्या देशात चेटकिणीची भीती शिळी झालेली होती. १६८२ साली एक्झेटर इथे बिडफर्ड गावच्या तीन गरीब बायकांना चेटकिणी ठरवून फासावर चढवलं होतं. पुढे १७३५ साली पार्लमेंटने कायदा उलटा फिरवला. चेटूक केल्याचा खटला बंद झाला, आणि 'मला चेटूक येतं' असं सांगून लोकांना फसवणाराच गुन्हेगार ठरला. तिथून 'द विचेस' येईपर्यंत सव्वादोनशे वर्षं उलटली होती. प्रेक्षक पैसे देऊन घाबरायला जात आणि घरी येऊन निवांत झोपत.

आपल्याकडे तसा कायदा केव्हा झाला? २०१३ साली. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवड्याच्या आत निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, अशी त्यात शिक्षा आहे. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे, ते शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकावं. अमका माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवतो, असं म्हणून त्याच्याबद्दल संशय पसरवणं हा गुन्हा आहे. दूध आटवण्याचा उल्लेख कायद्यात आहे! कायदा लिहिणाऱ्यांना आपल्या विहिरीवरचं बोलणं पुरतं ठाऊक होतं.

कायदा झाला म्हणजे भीती गेली असं नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावी, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात बांधून मारण्यात आलं. तिथे वाडा नव्हता, तळघर नव्हतं, अंधारही नव्हता. दिवसाउजेडी, सगळ्या गावाच्या देखत ते घडलं. गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी ज्या वऱ्हाडात जन्मभर लोकांना जागवलं, तिथून ही जागा काही फार दूर नाही.

म्हणून मला २०१७ सालचा 'लपाछपी' महत्त्वाचा वाटतो. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट. शहरातलं एक जोडपं जीव वाचवायला उसाच्या फडातल्या एकाकी घरात येऊन राहतं. बायको गरोदर आहे. ती भूमिका पूजा सावंत यांनी केली आहे. घरची बाई, म्हणजे उषा नाईक, तिची माया करते आणि तिला धाकातही ठेवते. उसात मुलं दिसतात, एक बाई दिसते, आणि आपण त्या बाईला भिऊ लागतो. हळूहळू कळतं की भ्यायचं होतं ते घरातल्यांना. त्या घराला मुलगी नको होती. जी 'बाधा' म्हणून सांगितली जात होती, ती त्या पापाची साक्षीदार होती. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं वहीत उतरवून घेतात. हा चित्रपट पाहिल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, उसातली बाई वाईट नव्हतीच." तिला आकडा त्या दिवशी समजला.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती करीन की मुलं असे चित्रपट चोरून पाहतातच, तेव्हा ते पाहू नका म्हणण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलावं. भूत कुणी पाहिलं, आणि पाहिलं असं कुणी सांगितलं? जिचं नाव घेतलं तिचं शेत कुणाच्या धुऱ्याला लागून आहे? म्हैस आटली तर ती गाभण किती महिन्यांची, तिला कासदाह, म्हणजे काही ठिकाणी ज्याला दगडी म्हणतात, तो झाला आहे काय, गुरांच्या डॉक्टरला दाखवली काय? ही विचारपूस रुक्ष वाटेल, पण मुलांना ती फार आवडते. प्रत्येक वर्गात एक-दोन जन्मजात फौजदार असतातच.

आता माझ्या दगडाचं राहिलं. आजीच्या छपराची चार कौलं फुटली होती. भाद्रपदाचा पाऊस, रात्रभर गळलं असणार. आमच्या गुरुजींना कुणी सांगितलं कोण जाणे. त्यांनी आरडाओरडा केला नाही, आम्हा तिघांना कुंभाराकडून कौलं आणायला लावली आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले. काम झालं. आजीने आम्हाला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पितळी पेल्यांत ताक आणलं. गुरुजी घटाघटा प्यायले. बाकीच्या दोघांनी डोळे मिटून प्यायलं. मी पेला घेऊन अंगणाच्या कडेला गेलो आणि लिंबाच्या झाडामागे ताक ओतून दिलं. परत आलो तेव्हा आजीने रिकामा पेला हातात घेतला, मातीतल्या पांढऱ्या ओघळाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणखी देऊ का रे बाळा?"

कार्तिकात शेजारची म्हैस व्यायली. गाभण होती, म्हणून आटली होती.