वणवा आणि वारूळ



रानाला वणवा लागला म्हणजे हरिणें पळतात, पक्षी उडून जातात. पण मुंगी पळून पळून जाणार किती? ती बिचारी जळून गेली असेल, अशीच आपली समजूत असते. परंतु राख निवल्यावर थोड्याच दिवसांत त्या काळ्या भूमीवर मुंग्यांची रांग चालूं लागलेली दिसते. हें कसें घडतें, आणि ती रांग दिसली म्हणजे रान पूर्ववत् झालें असें समजावें काय, या दोन प्रश्नांचा आज आपणांस विचार करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मातींत आहे. माती ही उष्णतेची मंद वाहक. गवताची आग भरभर पुढें सरकते. वर ज्वाळा उसळत असतां चार बोटें खालीं मातीचें उष्णमान फारसें वाढत नाहीं. राणी, अंडीं, अळ्या आणि पुष्कळशा कामकरी मुंग्या त्याहूनहि खोल असतात. बाहेर अन्न शोधीत फिरणाऱ्या तेवढ्या मरतात. वारुळाचें मूळ शाबूत राहतें. ज्यांचीं घरें पाचोळ्यांत, सुक्या काटक्यांत किंवा कुजक्या ओंडक्यांत असतात, त्यांचें मात्र घरहि जातें आणि कुळहि जातें.

खरी परीक्षा आग विझल्यावर सुरू होते. सावली गेलेली, जमीन तापलेली, पाचोळा नाहींसा झालेला. अशा स्थितींत कोण टिकतें? उत्तर ऑस्ट्रेलियांत आपल्यासारखाच पावसाळा असून पुढें दीर्घ कोरडा ऋतु येतो, आणि तेथील गवताळ रानें वरचेवर पेटतात. त्या भागांतील काकाडू प्रदेशांत, मुनमारलरी या ठिकाणीं, रानाचे कांहीं तुकडे दरवर्षीं जाळले, कांहीं एक वर्षाआड जाळले, आणि कांहीं आगीपासून जपले. हा क्रम चौदा वर्षें चालल्यानंतर तेथील मुंग्यांचा जो अभ्यास झाला, तो ॲलन अँडरसन या शास्त्रज्ञानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. दरवर्षीं जळणाऱ्या तुकड्यांत मुंग्यांची संख्या उलट अधिक भरली! पण तेथें राज्य होतें तें रखरखीत उन्हांत धांवणाऱ्या, भांडखोर अशा इरिडोमर्मेक्स वंशाच्या मुंग्यांचें. जपलेल्या तुकड्यांत सावलीच्या आणि पाचोळ्याखालीं गुपचूप वावरणाऱ्या जातींना अधिक वाव मिळाला होता. गांव एकच, परंतु गांवकरी निराळे.

कोणी म्हणेल, मुंगी ती मुंगी. एक गेली आणि दुसरी आली, यांत बिघडलें काय? याचें उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांत मिळतें. तेथील झुडुपांचें रान आगीनंतरच नव्यानें उगवतें. मिमेटीस नांवाच्या झुडुपाच्या बीला तेलकट गराचा एक कण चिकटलेला असतो. त्याच्या लोभानें देशी मुंग्या बी वारुळांत नेतात, गर खातात आणि बी तेथेंच टाकून देतात. तेथें ती उंदरांपासून व ज्वाळांपासून सुरक्षित राहते आणि वणव्यानंतर रुजते. या रानांत पुढें दक्षिण अमेरिकेंतून आलेली अर्जेंटिनी मुंगी शिरली. हिची संख्या अफाट, पण ही बी जमिनीखालीं सांठवीत नाहीं. बाँड आणि स्लिंग्जबी या संशोधकांनीं दोन्ही प्रकारच्या जागीं सारख्याच बिया टाकून मग त्या जागा जाळल्या. १९८४ सालीं त्यांनीं सांगितलेला हिशेब असा कीं, देशी मुंग्यांच्या जागीं शेंकडा ३५ बिया उगवल्या, आणि परक्या मुंग्यांच्या जागीं शेंकडा एकहि नाहीं. मुंग्या दोन्हीकडे होत्या. रान मात्र एकाच बाजूला परतलें.

आतां आपल्याकडे पाहूं. विदर्भांत, सातपुड्यांत, सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत वणवे लागतात, आणि पुष्कळसे माणसाच्याच हातून लागतात. आषाढांत गवत हिरवें झालें, चार वारुळें दिसलीं, कीं रान सावरलें असें म्हणून आपण निश्चिंत होतों. परंतु ज्या जातींचें कुळ जळून गेलें, त्यांना पुन्हां येण्यास एकच वाट असते. शेजारच्या न जळलेल्या रानांतून पंख फुटलेल्या राण्यांनीं यावें, कुजकी काटकी किंवा ओला पाचोळा शोधावा, आणि तेथें नवा संसार मांडावा. शेजारीं तसें रानच उरलें नसेल तर राणी यावी कोठून? आणि ती आली तरी, दरवर्षीं आग लागत असेल तर पाचोळा सांचावा केव्हां?

म्हणून माझें सांगणें इतकेंच आहे. जळालेल्या रानांत गेलां तर मुंग्या किती हें पाहून थांबूं नका. त्या कोणत्या आहेत हेंहि पाहा. उघड्या जमिनीवरची रांग सोडून एखादा कुजका ओंडका हळूच उचला, पाचोळा बाजूला सारा. तेथें वस्ती दिसली तर रान सावरूं लागलें असें समजण्यास आधार आहे. आणि ज्यांच्या हातीं गांवच्या रानाचा कारभार असेल, त्यांनीं डोंगराचा एखादा तरी कोपरा सलग कांहीं वर्षें आगीपासून राखावा. उद्यांच्या राण्या तेथूनच उडावयाच्या आहेत.