महापालिकेची गाडी आणि ड्रायव्हरची सही

(कामगार शिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, आपण रेल्वेवाले आणि टपालवाले, महापालिकेच्या गाड्यांशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पहिला संबंध खिशाचा. घरपट्टी, पाणीपट्टी आपणही भरतो. रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी हसू नये, रिटायर झाल्यावर त्यांनाही गावात घर करायचेच आहे. दुसरा संबंध जास्त जवळचा. महापालिकेची गाडी चालवणारा माणूस आपल्यासारखाच कामगार आहे, आणि गाडीच्या गैरवापराची पावती बहुतेक वेळा त्याच्याच नावावर फाटते.

महापालिका कोणतीही घ्या, गाड्यांवरची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. अंदाजपत्रकाच्या सभेत कोणीतरी पेट्रोल-डिझेलचा आकडा वाचून दाखवतो. अमुक सभापतींची गाडी शाळेच्या फाटकाशी मुलाला सोडताना दिसली, तमुक अधिकाऱ्याची गाडी रविवारी देवदर्शनाला गेली, असे आरोप होतात. समोरून उत्तर येते, तुमच्या काळात काय चालले होते ते काढू का? हशा पिकतो आणि 'अहवाल मागवावा' एवढ्या शेऱ्यावर विषय संपतो. अहवाल येतो तेव्हा सभापती बदललेला असतो.

या वादातला बराच वेळ लाल दिव्याने खाल्ला. सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१३ रोजी सांगितले की लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरता असावा. तरी २०१५ मध्ये मुंबईत महापौरांच्या गाडीवर दिवा असावा की नसावा, यावर वाद रंगलाच. शेवटी केंद्र सरकारने नियमातली ती तरतूदच काढून टाकली आणि १ मे २०१७ पासून राष्ट्रपती-पंतप्रधानांसकट सगळ्यांच्या गाडीवरून लाल दिवा उतरला. नेमका कामगार दिनी उतरला, याचे आम्हाला बरे वाटले. पण दिवा उतरला म्हणून गाडीचा एक किलोमीटरही कमी झाला नाही. दिवा रस्त्यावर दिसतो, म्हणून त्यावर बोलणे सोपे. लॉगबुक कपाटात असते. ते कोणीतरी मागवावे लागते आणि पान पान वाचावे लागते.

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपल्याही घराकडे पाहू. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस रेल्वे बोर्डाने १९८१ चे एक परिपत्रक मागे घेतले. बोर्डाचे अध्यक्ष आणि सदस्य झोनच्या दौऱ्यावर आले की जनरल मॅनेजरने त्यांना घ्यायला आणि पोहोचवायला हजर राहायचे, असा तो रिवाज होता. अश्वनी लोहानी तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास, अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर राबणारे ट्रॅकमन परत आपापल्या गँगवर पाठवा आणि साहेबांनी सलून सोडून साध्या डब्यातून प्रवास करावा, असेही सांगण्यात आले. पुढे ३० मार्च २०१८ रोजी दिल्लीहून कटऱ्याला जाणारा सलून भाडे भरणाऱ्या प्रवाशांना देण्यात आला. यातले किती टिकले, हे प्रत्येकाने आपल्या डिव्हिजनपुरते पाहावे. मुद्दा असा की ट्रॅकमन बंगल्यावर भाजी निवडत बसला तर त्याच्या वाट्याचा रूळ कोणी तपासायचा? उरलेल्या गँगनेच. फुकटची चाकरी म्हणजे नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हे, त्याने दुसऱ्या कामगाराचे काम वाढते आणि कधी कधी त्याचा जीव धोक्यात येतो.

महापालिकेच्या गाड्यांचे तसेच आहे. सभागृहाला गाडी म्हटली की पांढरी मोटार दिसते. पण महापालिकेच्या ताफ्यात मोटारी थोड्या. कचरागाडी, पाण्याचा टँकर, अग्निशामक बंब, रुग्णवाहिका, शववाहिनी, मैला उपसणारी सक्शनची गाडी, ही खरी महापालिकेची वाहने. सक्शनची गाडी वर्कशॉपमध्ये बिघडून उभी असेल आणि मॅनहोल तुंबले असेल, तर काय होते ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. माणूस आत उतरतो. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावण्यावर बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारात मेलेल्या कामगाराच्या घराला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली. आता हिशोब मांडा. साहेबांच्या नव्या गाडीचा प्रस्ताव एका बैठकीत मंजूर होतो आणि सक्शनच्या गाडीचा सुटा भाग निविदेत अडकून पडतो. वाहनांवर नियम करायचेच असतील तर कोणती गाडी किती दिवस बंद होती, हे आधी सभागृहापुढे ठेवा. शाळेच्या फाटकाशी दिसलेल्या मोटारीचा नंबर त्यानंतर वाचा.

इथे काही मंडळी म्हणतात, पदाधिकाऱ्यांच्या गाड्याच काढून घ्या. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेत गाड्या जमा होतातच, तेवढे दिवस शहर थांबते का? टाळ्या पडणारे वाक्य आहे, पण मला ते पटत नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. महापौरपद आरक्षणाने फिरते. उद्या एखाद्या वस्तीतली, घरकाम करून निवडून आलेली बाई महापौर झाली, तर तिच्या दारात स्वतःची गाडी नसते. पावसाळ्यात रात्री अकराला नाल्यावर जायचे तर तिने रिक्षा शोधायची का? गाडी काढली तर ठेकेदारी करणाऱ्या नगरसेवकाचे काहीच अडत नाही, त्याच्याकडे स्वतःच्या तीन गाड्या असतात. अडते ते गरिबाचे. गाडी पदाला द्यावी. मात्र ती कुठे गेली, कोणाच्या हुकमाने गेली, हे लिहिले जावे. खासगी कामाला नेली तर दर किलोमीटरप्रमाणे पैसे भरावेत. केंद्र सरकारच्या स्टाफ कारना खासगी फेऱ्यांचे पैसे भरण्याची पद्धत जुनीच आहे, त्यात नवे काही शोधायचे नाही.

आणि लिहिण्यावरच सगळे अडते. एका नगरपालिकेतला प्रकार सांगतो. गावाचे नाव घेत नाही. तिथली गाडी लग्नाच्या मांडवापुढे उभी असलेली कोणीतरी फोटो काढून छापली. चौकशी लागली. लॉगबुकात 'साइट पाहणी' असे लिहिलेले होते आणि खाली ड्रायव्हरची सही. साहेबांची सही महिनाअखेरीस एकदम व्हायची, ती त्या पानावर अजून झालीच नव्हती. साहेब म्हणाले, मी गाडी मागितलीच नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, फोनवर हुकूम झाला. फोनवरच्या हुकमाला पुरावा कुठला? ड्रायव्हर सस्पेंड झाला, त्याच्या पगारवाढी थांबल्या. तो आमच्या युनियनचा नव्हता, तरी आमच्या ऑफिसात येऊन बसायचा. अर्ज मी लिहून दिले. त्याच्या बायकोने मला विचारले, भाऊ, साहेबाने सांगितल्यावर याने नाही म्हणायला हवे होते का? काय उत्तर देणार? नाही म्हणाला असता तर दुसऱ्याच दिवशी त्याला मोटारीवरून काढून कचराडेपोच्या डंपरवर टाकला असता.

आता रेल्वेवाल्यांनो, आपल्याकडे काय होते ते आठवा. फाटक बंद करायला सांगताना स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यात प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण होते आणि दोघेही तो वेळेसह लिहून ठेवतात. कॉशन ऑर्डर लेखी मिळते आणि लोको पायलट व गार्ड यांच्या सह्या होतात. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचे असते, जीभ वळायला वेळ लागतो.) लाल सिग्नल ओलांडायला तोंडी हुकूम चालत नाही, कागद लागतो. टपालवाल्यांचेही तसेच, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की सही. आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी या कागदांना कटकट म्हटले, पण अपघातानंतरच्या चौकशीत याच कागदांनी खालच्या माणसाला वाचवले आहे. हुकूम देणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहिलेली असेल तर जबाबदारी वरच्या पायरीवर थांबते, नसेल तर ती घरंगळत तळाशी येते.

महापालिकेच्या गाडीला एवढेच हवे. गाडी गॅरेजमधून निघण्याआधी मागणीची चिठ्ठी, तीवर मागणाऱ्याची सही. फोनवर हुकूम आला तर वाहन विभागात नंबर टाकून वेळेसह नोंद, आणि तोच नंबर ड्रायव्हरच्या पानावर. साहेबांची सही त्याच दिवशी, महिनाअखेरीस नाही. अनेक शहरांत कचरागाड्यांना जीपीएस बसवले आहे, कचरागाडीचा ड्रायव्हर चहाला दहा मिनिटे थांबला तर पडद्यावर दिसते. तोच डबा साहेबांच्या मोटारीलाही बसवायला कोणाची हरकत आहे, हे सभागृहात नावानिशी विचारावे.

विचारणारे सभागृह तरी हवे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातल्या इतर महापालिकांचीही तीच गत झाली. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस नव्हता. त्या काळात नागरिकांच्या हाती उरला तो २००५ चा माहितीचा अधिकार. लॉगबुक हा कार्यालयाचा कागद आहे. दहा रुपयांचा अर्ज करून त्याच्या नकला मागता येतात. टपाल खात्यातल्या बंधूंना सांगायला नको, असे अर्ज त्यांच्याच काउंटरवरून जातात.

एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, महापालिकेच्या गाड्याही त्यात येतात. हवेच्या दृष्टीने ठीक आहे. पण जुनी गाडी भंगारात गेल्यावर नवी घेण्याऐवजी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्यायची, असा सोपा मार्ग निघतो. भाड्याच्या गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर ठेकेदार लिहितो आणि बिलही तोच लावतो. रात्री दोनपर्यंत मांडवाबाहेर थांबणाऱ्या त्या ड्रायव्हरला जादा कामाचे पैसे कोण देणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कंत्राटी कामगारांच्या संरक्षणाची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली, महाराष्ट्राने तर ती आधीच ५० केली होती. दहा-बारा गाड्या पुरवणारा ठेकेदार त्या जाळ्यातून अलगद सुटतो. 'वाहन खर्चात बचत' असा प्रस्ताव आला की त्यात ड्रायव्हरची जागा गेली का, हे पहिल्यांदा पाहा.

महापालिका कामगारांच्या संघटनेने आपला पाठिंबा मागितला आहे. त्यांच्या मागणीपत्रात चिठ्ठी, त्याच दिवशीची सही, बंद गाड्यांचा दरमहा तक्ता आणि भाड्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या कामाचे तास, एवढे चार मुद्दे आहेत. तोंडी हुकमावर गाडी न काढणाऱ्या ड्रायव्हरची बदली करू नये, हा पाचवा मुद्दा घालावा असे मी त्यांना सुचवले आहे. ठरावाचा मसुदा शाखा कार्यालयात ठेवला आहे. वाचा, दुरुस्त्या लेखी द्या आणि खाली नाव, हुद्दा व तारीख घाला.