तळ्याकांठचीं मुलें आणि समुद्राच्या लाटा



नकाशांतील गोंदिया शहरावर बोट ठेवून समुद्र शोधावयास सांगितलें, तर बहुतेकांचें बोट सवयीनें पश्चिमेकडे, मुंबईकडे सरकतें. गोंदियाहून मुंबई रेल्वेनें साडेनऊशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु तेंच बोट रायपूर, टिटलागड, रायगडा, विजयनगरम् या मार्गानें पूर्वेकडे नेलें, तर सुमारें सातशें किलोमीटरांवर विशाखापट्टणम् लागतें. म्हणजे १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आमचा तलावांचा जिल्हा अरबी समुद्रापेक्षां बंगालच्या उपसागराला अधिक जवळ आहे. हें अंतर नीट मोजणें हाच आजच्या विषयांतील काटकसरीचा पहिला धडा होय.

विषय आहे सर्फिंगचा. म्हणजे लांब फळीवर उभें राहून समुद्राच्या लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत येण्याच्या खेळाचा. हा खेळ कांहीं कालपरवांचा नव्हे. कॅप्टन कुक याचीं जहाजें १७७८ सालीं हवाई बेटांना लागलीं, तेव्हां तेथील स्त्रीपुरुष या कलेंत तरबेज होते. त्याच बेटांतील ड्यूक कहानामोकू यानें १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढें अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत या खेळाची गोडी लावली. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, म्हणजे २०२१ सालीं, सर्फिंगला प्रथम स्थान मिळालें. ऑगस्ट २०२५ मध्यें महाबलिपुरम् येथें आशियाई अजिंक्यपदाचे सामने झाले; त्यांत आपल्या रमेश बुदिहाळ यानें कांस्यपदक पटकावलें. आणि पदकांची गोष्ट बाजूला ठेवली, तरी पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमार ओंडके एकत्र बांधून केलेल्या ‘कट्टुमरम्’ नांवाच्या तराफ्यावरून पिढ्यान् पिढ्या याच लाटा ओलांडीत आले आहेत. इंग्रजींतील ‘कॅटामरान’ हा शब्द त्यांच्याच भाषेंतून गेला.

माझा पुतण्या, पुतणी आणि त्यांचा एक मित्र यांनीं असा बेत मांडला, तेव्हां त्यांच्यापाशीं उत्साह पुष्कळ व पैसा बेताचा होता. मी साठी उलटलेला निवृत्त शिक्षक. लाटेवर चढण्याचें माझें वय नव्हे. परंतु हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि तिच्यामागोमाग मीहि गेलों. त्या वहीच्या आधारानें चार गोष्टी सांगतों.

प्रथम वाट. मोटारीनें जावयाचें, तर देवरीवरून राजनांदगांव, रायपूर, धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, जगदलपूर, कोरापुट, साळूर असा रस्ता आहे. हें अंतर आठशें किलोमीटरांच्या आसपास भरतें. जगदलपुरास मुक्काम केला, तर दोन दिवसांत रात्रीं गाडी न हांकतां पोहोंचतां येतें. जाण्यायेण्याचे सोळाशें व तिकडील फिरणें शंभर असे सतराशें किलोमीटर धरा. लिटरला पंधरा किलोमीटर धांवणाऱ्या गाडीस सुमारें ११३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला शंभर रुपयांच्या आगेमागें दर धरला, तर टोल वगळून साडेअकरा हजारांच्या घरांत खर्च जातो. तो चौघांत वांटला, तर माणशीं तीन हजारांहून थोडा कमी येतो. उलट, समता एक्सप्रेसनें गोंदियाहून थेट विशाखापट्टणमला जातां येतें, आणि शयनयान वर्गाचें जाण्यायेण्याचें भाडें या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पडतें. तेव्हां मोटारीच्या चारहि जागा भरत असतील आणि वाटेंत बस्तरचा मुलूख पाहण्याची हौस असेल, तरच मोटार घ्यावी. दोघेंच असाल, तर आगगाडीसारखी सोय नाहीं.

दुसरी गोष्ट हंगाम. आमच्याकडे शाळा-कॉलेजांची मोठी सुटी उन्हाळ्यांत असते. परंतु नवशिक्यांना तो काळ चांगला नव्हे. बंगालच्या उपसागरांत वादळांचे दोन मोसम येतात, एक पावसाळ्यापूर्वीं आणि एक पावसाळ्यानंतर. ३ मे २०१९ रोजीं ‘फनी’ पुरीजवळ किनाऱ्यावर चढलें. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं ‘हुदहुद’नें विशाखापट्टणम् झोडपून काढलें. मधल्या पावसाळ्यांत दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा कसलेल्या माणसालाच झेपतात. म्हणून डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी हे दिवस निवडावेत. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचा अंदाज प्रसिद्ध करीत असतें; तो रोज पाहण्यास एक पैसाहि लागत नाहीं.

तिसरी गोष्ट तयारी. आणि ती सर्व घरच्या घरीं, बिनखर्चाची आहे. न थांबतां दोनशें मीटर पोहतां येणें व दहा मिनिटें उताणें तरंगतां येणें, ही मीं घातलेली अट होती. ती पुरी होईपर्यंत तारीख ठरविली नाहीं. हा सराव पोहण्याच्या हौदांत किंवा गांवच्या तलावांत, जाणत्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखालींच करावा. दुसरा सराव जमिनीवरचा. सतरंजीवर पालथें पडावें, तळहात छातीजवळ टेकावे, आणि एका झटक्यांत एक पाऊल पुढें व एक मागें असें गुडघे वांकवून उभें राहावें. लाटेवर नेमकें हेंच करावयाचें असतें. रोज वीस वेळां हें केलें, म्हणजे शिक्षकाच्या पहिल्या तासांतील बराच वेळ वांचतो. आणि तो वेळ आपण पैसे मोजून विकत घेतलेला असतो!

चौथी गोष्ट पैशाची वांटणी. आम्हीं पांच पाकिटें केलीं: प्रवास, राहणें, जेवण, शिक्षक आणि अडचण. शिक्षकाचें पाकीट सर्वांत आधीं भरलें व त्याला शेवटपर्यंत दुसऱ्या कामासाठीं हात लावला नाहीं. राहण्यास समुद्रासमोरची खोली न घेतां गांवांतली साधी खोली घेतली. घरचे तांदूळ, डाळ व एक कुकर बरोबर होता. वाटेसाठीं चिवडा व पोळ्या होत्या. फळी विकत घेण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. नवशिक्याला आठनऊ फूट लांबीची, वरून मऊ अशी फळी लागते. ती शिकविणाऱ्याकडेच मिळते, आणि पडतांना डोक्याला लागली तरी कठीण फळीइतकी इजा करीत नाहीं.

इतकी काटकसर सांगणारा मी शिक्षकाच्या बाबतींत हात सैल सोडावयास कां सांगतों, तें आतां ऐका. माझ्या बोलण्याचें सार तेंच आहे.

आम्ही तळ्याकांठचीं माणसें. नवेगांवबांध, इटियाडोह, बोदलकसा, आणि गांवोगांवच्या बोड्या पाहत आम्ही वाढलों. पाणी शांत असलें म्हणजे उतरावें, आणि नदी पुरानें खवळली म्हणजे दूर राहावें, एवढेंच शहाणपण आम्हांला पाण्यानें शिकविलें. समुद्रावर तेंच शहाणपण घात करतें.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना लावतों. समुद्रावर ती अक्षरशः खरी आहे. दूरच्या वादळांत जन्मलेली लाट खोल पाण्यांतून मुकाट्यानें येते. पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली, कीं तिचा पाय वाळूला अडखळतो, माथा पुढें कोसळतो आणि फेस उसळतो. म्हणजे जेथें फेस, तेथें पाणी उथळ. आतां लाटांनीं किनाऱ्यावर चढविलेलें हें सारें पाणी परत जाणार कोठून? तलाव भरला कीं पाणी सांडव्यावरून निघून जातें; तसाच समुद्रहि वाळूच्या बांधांत सांडवा पाडतो. तेथें खोली अधिक म्हणून लाट फुटत नाहीं. पृष्ठभाग कसा गुळगुळीत व किंचित् गडद दिसतो. आणि तेथून पाणी वेगानें आंत ओढलें जात असतें.

आमच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीं हेंच घडलें. सकाळची शिकवणी व्हावयाची होती. मुलांचा मित्र म्हणाला, “काका, तिकडे लाटाच नाहींत. शिक्षक येईपर्यंत तेथें डुंबून घेतों.” दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा आणि मधोमध पंचवीस-तीस फूट रुंदीचा, आमच्या तलावासारखा शांत पट्टा. तो त्या दिशेनें चालूंहि लागला होता. तेवढ्यांत शिक्षक पोहोंचले व त्यांनीं त्याला हांक मारून थांबविलें. मग वाळलेल्या नारळाची एक करवंटी उचलून त्यांनीं त्या पट्ट्यांत फेंकली. आम्ही पाहत राहिलों. करवंटी किनाऱ्याकडे आली नाहीं; माणसानें धांवत जावें तशी ती आंत गेली आणि थोड्याच वेळांत दिसेनाशी झाली. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानंतर कोणाला कांहीं समजावून सांगण्याची गरज राहिली नाहीं.

अशी ओढ प्रबळ असेल, तर सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेगानें वाहते. ऑलिंपिकचा पोहणाराहि त्या वेगाशीं फार वेळ टिकत नाहीं. मग तिच्यांत सांपडल्यास काय करावें? किनाऱ्याकडे तोंड करून झुंजूं नये. माणूस बुडतो तो दमून. तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी, आणि बळ असल्यास किनाऱ्याशीं समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर यावें. ओढ रुंदीला थोडी असते. बाहेर पडल्यावर फुटणाऱ्या लाटाच आपल्याला किनाऱ्याकडे लोटतात. म्हणजे ज्या फेसाची भीति वाटत होती, तोच तारतो!

उरलेले नियम थोडे आहेत. पहिले दिवस कमरेइतक्याच पाण्यांत, फुटून आलेल्या फेसावरच शिकावें. फळीची दोरी मागच्या पायाला बांधावी. फळी आपल्या व येणाऱ्या लाटेच्या मध्यें कधींहि धरूं नये. लाट ती आपल्यावरच आदळते. पडतांना डोकें खालीं करून सूर मारूं नये. आडवें पडावें व दोन्ही हातांनीं डोकें झांकून वर यावें. स्थानिक मच्छीमार ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवशीं वाळूंतच बसावें. आणि सकाळीं लाटांवर दमलेल्या माणसानें दुपारीं गाडी हांकूं नये.

पांच दिवसांत तिघांपैकीं दोघें उभीं राहिलीं. माझ्या पुतणीनें एकदां वाळूपर्यंतची सवारी पुरी केली. तिसरा गुडघ्यांपर्यंतच आला. पण परततांना सर्वांत आनंदी तोच होता.

आईबापांना माझें एवढेंच सांगणें आहे. मुलांनीं समुद्राचें नांव काढलें कीं ‘नको’ म्हणून मोकळें होऊं नका. नकार दिलेलीं मुलें कधीं तरी सहलीला म्हणून जातातच, आणि तेव्हां त्यांच्याबरोबर ना शिक्षक असतो ना समज. त्यांना आधीं पोहावयास शिकवा, हिशेब त्यांनाच मांडूं द्या, आणि शिक्षकाचें पाकीट पहिल्यानें भरलें आहे कीं नाहीं, एवढें मात्र स्वतः पाहा. खोली साधी चालेल, जेवण साधें चालेल, फळी भाड्याची चालेल. पाण्याची ओळख करून देणारा माणूस मात्र चांगलाच हवा.