पैसे देण्याआधी साखळी ओढा

(मिठबाव इथल्या बैठकीत मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या एका साथीने केलेलं हे भाषण. टाचणावरून लिहून काढलं आहे. रानातल्या वाड्यांवरची जी माणसं हंगामाला खाली किनाऱ्यावर कामाला उतरतात, त्यांच्या उपयोगाचं आहे. ज्याला वाचता येतं त्याने वाडीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



मला भाषण करायची सवय नाही. तीस वर्षं मी जमिनी मोजल्या. सुरुवातीला साखळी ओढणारा होतो, मग फळीवर नकाशा काढायला शिकलो. लोकांच्या बांधावर उन्हात उभं राहून आयुष्य गेलं. तेवढंच मला येतं, म्हणून तेवढंच बोलतो.

आज इथे आपण का जमलोय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपली चार घरं आंब्याच्या बागेत राखणीला राहतात. दोन पिढ्या झाल्या. आता मालक म्हणतो, बाग विकायची आहे, तुम्ही झोपड्या काढा. पण तुमचं वाईट नको, रस्त्याच्या कडेला तीन गुंठे देतो, चार घरं बांधा. इसार म्हणून पंधरा हजार मंगळवारपर्यंत आणा. चार घरांनी भांडी गहाण ठेवून, मासळी वाहून, चिरेखाणीवर राबून पैसे जमवले आहेत. ते पैसे द्यायचे की नाही, हा आजचा प्रश्न.

अशी घाई पूर्वी नव्हती. पुळणीजवळच्या जागेला कोण विचारत होतं? माडाची बाग असेल तर किंमत, नाहीतर नुसती वाळू आणि खारा वारा. १९९७ साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली २६ जानेवारीला कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, एजंट हाताने समुद्र दाखवतो, आणि जिथे आपली चूल आहे तिथे कुणीतरी हॉटेलाचं चित्र बघतो. म्हणून सांगतो, घाई त्यांची आहे, आपली नाही.

आधी विचारा: हे आपलंच तर नाही?

जागा विकत घ्यायच्या गोष्टी नंतर. आज जिथे राहता तिथून उठायचं का, हे आधी ठरवा.

१९४८ चा कूळ कायदा आहे. त्यात कलम १६ ते १८ वाचून घ्या. कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी मालकाच्या जागेवर आपल्या खर्चाने राहतं घर बांधलं असेल, तर त्या घरातून त्याला काढता येत नाही. मालकाला घराखालची जागा विकायची झाली तर घेण्याचा पहिला हक्क त्या राहणाऱ्याचा. आणि हे नुसतं कुळाला नाही, शेतमजुरालाही लागू केलेलं आहे. तुम्ही म्हणाल, आमची कुडाची झोपडी, तिला कोण घर म्हणणार? कूड तुम्ही विणलात, सारवण तुमच्या बायांनी केलं, खर्च तुमचा. मग ते घर तुमचंच.

मालक कदाचित म्हणेल, झोपडी मी बांधून दिली. म्हणून पुरावा हवा. मतदार यादी, रेशन कार्ड, पोराच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, घरपट्टी लागली असेल तर तिची पावती, शेजारच्या म्हाताऱ्यांचे जबाब, हे सगळं एका पिशवीत गोळा करा. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: "आम्ही मालकाच्या परवानगीने तात्पुरते राहतो" असं लिहिलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. इसाराच्या कागदात हे एक वाक्य हळूच घालतात. तीन गुंठे मिळतील की नाही ते पुढे, पण आहे ते त्या वाक्याने जातं.

सातबारा जागा दाखवत नाही

आता समजा, विचार करून चार घरांनी ठरवलं की रस्त्याकडेची जागा घ्यायचीच. तर मग मोजणीशिवाय एक पैसा द्यायचा नाही. का, ते सांगतो.

मालक तुम्हाला सातबारा दाखवतो. सातबारावर नंबर आहे, हिस्सा आहे, नाव आहे, क्षेत्र आहे. पण ती जमीन कुठून कुठवर आहे हे सातबारा सांगत नाही. ते सांगतो नकाशा, आणि नकाशा जमिनीवर उतरवते ती मोजणी. सातबारा म्हणजे माणसाचं नाव आणि वय. तेवढ्यावरून बाजारात माणूस ओळखता येईल का?

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही. दोन भावांनी किनाऱ्याजवळ चार गुंठे घेतले. विकणाऱ्याने गडगा दाखवला, म्हणाला गडग्याच्या आतलं सगळं तुमचं. खरेदीखत रीतसर झालं, नोंद झाली. चिऱ्याचं घर उभं राहिलं. सहा वर्षांनी शेजाऱ्याने मोजणी आणली आणि साखळी ओढणारा मी होतो. नकाशातली मेर गडग्यावर नव्हती, सोळा हात आत होती. घराचा पडवीकडचा भाग, न्हाणी आणि विहीर शेजाऱ्याच्या नंबरात. गडगा कुणीतरी जुन्या काळी गुरं अडवायला घातला होता. त्या घरची म्हातारी मला म्हणाली, "बाबा, ही साखळी सहा वर्षं आधी का नाही आणलीस?" तिला मी काय सांगणार होतो?

तेव्हा गडगा म्हणजे हद्द नव्हे. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. माडांची रांग म्हणजेही हद्द नव्हे.

मोजणी कशी होते

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरीत द्यायचा, ज्याला आपण टी.आय.एल.आर. म्हणतो. पण अर्ज खातेदारालाच करता येतो, घेणाऱ्याला नाही. म्हणून मालकाला स्पष्ट सांगायचं: तू अर्ज कर, फी लागेल ती आपण ठरवून भरू. जो मालक मोजणीला नाही म्हणतो त्याच्याकडे लपवायला काहीतरी आहे असं समजा.

अर्ज "हद्द कायम" करण्याचा पाहिजे. मोठ्या नंबरातला तुकडा घेत असाल तर आधी पोटहिस्सा पाडावा लागेल. अर्ज साधा असतो, तातडीचा असतो. फी वेगळी, वेळ वेगळा. पावसात भात उभं असतं आणि रान माजलेलं असतं, म्हणून जागेवरचं काम बहुतेक दिवाळीनंतर. मंगळवारपर्यंत ते होणार नाही. मालकाला सांगा, जमीन पळून जात नाही.

मोजणीची तारीख लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस देऊन कळवतात. त्या दिवशी चारही घरांतली माणसं तिथे पाहिजेत, बायासुद्धा. मजुरी बुडते म्हणून एकालाच पाठवू नका. जुनी माणसं सोबत न्या. जुना दगड कुठे होता, पाण्याचा वहाळ पूर्वी कुठून जात होता, हे त्यांनाच आठवतं. मोजणीदार जिथे खूण करील तिथे त्याच वेळी दगड पुरा आणि चुना मारा. पंचनाम्यावर अंगठा देण्याआधी तो वाचून घ्या. काही पटलं नाही तर तोंडाने भांडू नका, तिथल्या तिथे लेखी हरकत द्या.

मग नकाशाची 'क' प्रत मिळते. ती हातात आल्याशिवाय व्यवहार नाही. तिच्यात वहिवाट कुठे आणि खरी हद्द कुठे, दोन्ही दाखवलेलं असतं.

क्षेत्र वाचायलाही शिका, अवघड नाही. आमची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबारावर आता हेक्टर आणि आर असतात. दहा मीटर बाय दहा मीटर म्हणजे एक आर, गुंठ्यापेक्षा जरासा कमी. घरी ३३ फुटांची दोरी करून गाठी मारून ठेवा. सरकारी मोजणीची जागा ती घेणार नाही, पण तीन गुंठे म्हणून दोनच दाखवतोय हे तिने कळतं.

साखळीने न कळणाऱ्या गोष्टी

मोजणी झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. आणखी पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, वाटेकरी. आपल्याकडे एका सातबारावर वीस-वीस नावं असतात. निम्मे मुंबईला, काही वारलेले, वारस लागलेले नाहीत. वाटप झालेलं नसताना एकट्याने "हा माझा कोपरा" म्हणून दाखवलं तर तो कोपरा त्याचा ठरत नाही. मे महिन्यात चाकरमानी येतो आणि विचारतो, माझ्या जमिनीत घर कुणी बांधलं? म्हणून सगळ्यांच्या सह्या, नाहीतर आधी वाटप. जुने फेरफारही काढून बघा.

दुसरी, समुद्र. १९ फेब्रुवारी १९९१ ला दिल्ली सरकारने किनाऱ्यासाठी अधिसूचना काढली. उधाणाची भरती जिथवर चढते त्या रेषेपासून आत ५०० मीटर पट्टा तिच्याखाली आला. त्या अधिसूचनेप्रमाणे आपल्यासारख्या गावात त्यातल्या पहिल्या २०० मीटरात नवीन घर बांधता येत नव्हतं, जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालत होती. २०० मीटर म्हणजे आमच्या साधारण वीस साखळ्या. खाडीच्या कडेलाही बंधनं आहेत. वाळू कोरडी दिसते म्हणून भरतीरेषा लांब, असा हिशेब करू नका. ही जागा पट्ट्यात येते का, हे कलेक्टर कचेरीत लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गरिबाची झोपडी पहिली पाडतात, हॉटेल शेवटी, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी, फॉरेस्ट. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं सरकारजमा झाली. खातेदाराचं नाव सातबारावर तसंच राहिलं, जमीन मात्र वनखात्याकडे, असे नंबर कोकणात आहेत. शिवाय १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला की मालकी कुणाचीही असो, जे वन आहे तिथे वनकायदा लागू. म्हणून "इतर हक्क" हा रकाना बोट ठेवून वाचा आणि वनखात्याकडूनही लेखी घ्या.

चौथी, तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा लहान तुकडा सर्वसाधारणपणे लगतच्या जमिनीच्या मालकाखेरीज दुसऱ्याला विकता येत नाही. तीन गुंठे शेतजमीन स्टँपपेपरवर लिहून दिली म्हणजे ती तुमची झाली, असं नाही. स्टँपपेपर आणि नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदीखत नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथे जर नोंदवून घेत नसतील तर का घेत नाहीत ते विचारा; खरी अडचण तिथे कळते. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीचाही प्रश्न येतो. तेव्हा जागा बिनशेती झालेली आहे का, नाहीतर गावठाणातली आहे का, हे पहिलं बघा.

पाचवी, वाट आणि पाणी. नकाशात रस्त्यापासून त्या जागेपर्यंत वाट आहे का? नसेल तर खरेदीखतात लिहून घ्या, किती फुटांची आणि कुणाच्या नंबरातून. पाणी एप्रिल-मेमध्ये चाखून बघा. पावसाळ्यात गोडं लागणारी विहीर उन्हाळ्यात मचूळ होते.

वर रानातही हेच

वरच्या वाड्यांवरची माणसं म्हणतील, आम्हाला कुठे समुद्राकाठी घर घ्यायचंय? पण ही गोष्ट तुमचीही आहे. आपली जमीन गेली ती बहुतेक वेळा बंदुकीने नाही, नकाशाने गेली. कुणीतरी मोजलं, आपण तिथे नव्हतो. कुणीतरी रेष ओढली, ती आपल्याला दिसली नाही. म्हणून ज्या दिवशी साखळी येते त्या दिवशी वाडीने कामाला जायचं नाही. आपल्या शेताचा, देवाच्या जागेचा, मसणवटीचा, पाणवठ्याचा कच्चा नकाशा आपणच काढून ठेवायचा.

आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी ऐका. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. हे साऱ्या महाराष्ट्रात लागू आहे, नुसतं अनुसूचित क्षेत्रात नाही. उद्या ही चार घरं जागेची मालक झाली तर हेच कलम त्यांचं कुंपण आहे. खरेदीच्या वेळी जातीचा दाखला जोडा, आणि नाव नवरा-बायको दोघांचं घाला.

मग मंगळवारी काय करायचं?

माझं मत सांगतो, ठरवायचं तुम्ही. मंगळवारी चारही घरांनी मिळून मालकाकडे जावं, एकेकट्याने नाही. पैसे घरी ठेवावेत. सांगावं: आमच्या झोपड्या आम्ही काढत नाही, कायद्याने हक्क आहे. रस्त्याकडेची जागा देणार असाल तर मोजणीचा अर्ज द्या, सगळे वाटेकरी आणा, 'क' प्रत येऊ द्या, मग बोलू. तो रागावेल. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल. म्हणू दे. आपल्या राहत्या घरांसकट बाग घेणारं गिऱ्हाईक दहा वेळा विचार करतं, ही आपली ताकद आहे. ती पंधरा हजारांच्या इसारात विकू नका.

पैसे गेले तर पुन्हा जमवायला चार वर्षं लागतील. मोजणीला लागतील चार महिने. हिशेब तुम्हीच करा.

अर्ज लिहायला मी येतो. साखळी ओढायलाही येतो, अजून हातात तेवढा जोर आहे.

जिंदाबाद.