चर्च बांधण्यापूर्वी

चर्च बांधायचे ठरले की मंडळीत पहिला वाद मनोऱ्याचा. मी म्हणतो, आधी पाणी पाहा. महाबळेश्वरी होली क्रॉस चर्च १८३१ पासून उभे आहे, वर्षाला दोनशे इंचांवर पाऊस झेलीत. तिथे पहिला पैसा छपराला. तिथलीच कृष्णा सांगलीला येते. इथे पाऊस बेताचा. पण २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले! म्हणून जागेआधी पूररेषा विचारा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणा. हा खर्च वर्गणीदारांना दिसत नाही, त्यामुळे खजिनदार कुरकुरतात. कुरकुरू द्यात! मात्र छपराची रक्कम बाजूला ठेवूनच भिंती चढवा, नि मृगाआधी कौले घाला.