कर्ता कोण?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई, आणि दहावी ‘ब’च्या व नाइलाजाने ‘अ’च्याही मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून सात जणांनी विचारलं, “तू नक्की करतेस काय?” मी म्हटलं, सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. लगेच पुढचा प्रश्न, “ती वाचतं कोण?” खरं सांगायचं तर इतकी वर्षं कुणीच वाचत नव्हतं. आता वाचायला लागलेत, पण ती माणसं नाहीत. त्याचीच गोष्ट सांगते.

हॅबिटिका नावाचं एक ॲप आहे. २०१३ मध्ये हॅबिटआरपीजी या नावाने ते लोकवर्गणीतून उभं राहिलं. आपली कामं त्यात लिहायची: रोजची, एकदाच करायची, आणि लावायच्या किंवा सोडायच्या सवयी. तुमच्या नावाचं एक चित्रातलं पात्र असतं, त्याला ५० गुणांची तब्येत असते. काम केलं की बरोबरची खूण करायची, मग सोन्याची नाणी आणि अनुभवाचे गुण मिळतात. रोजचं काम चुकलं की तब्येत घटते. ती शून्यावर आली तर एक पातळी खाली, सगळी नाणी गेली, वर एखादी ढाल-तलवारही जाते. चार जण मिळून राक्षसाशी लढत असाल, तर एकाने काम चुकवल्याचा मार सगळ्यांना बसतो. आपल्या पी.टी.च्या तासाची आठवण झाली ना? एक जण उशिरा आला की अख्ख्या रांगेला मैदानाची फेरी!

या ॲपला बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी एक दार आहे. तुमचा ओळख क्रमांक आणि गुप्त किल्ली दिली की दुसरा प्रोग्रॅम तुमच्या वतीने यादी वाचतो, काम लिहितो, खूण करतो. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. एआयच्या हाती अवजारं देण्याची ती एक सामाईक पद्धत. मग मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने हौसेखातर हॅबिटिकासाठी अवजारांचा छोटा संच केला. कोड त्याचा, वर्णनं माझी.

प्रत्येक अवजाराला नाव असतं, दोन-तीन ओळींचं वर्णन असतं आणि कोणती माहिती द्यायची त्याचा तक्ता असतो. आतला कोड एआयला दिसत नाही. माझ्या त्या दोन ओळी वाचूनच ते ठरवतं की कुठलं अवजार कधी उचलायचं. माणूस माहितीपुस्तक न वाचता चार बटणं दाबून बघतो. हा वाचक अक्षर न् अक्षर वाचतो आणि तसंच वागतो.

खूण करण्याच्या अवजाराखाली मी इंग्रजीत जे लिहिलं, त्याचं मराठी असं होईल: “दिलेले काम पूर्ण म्हणून नोंदवले जाते.” सुटसुटीत वाक्य. मला आवडलंही होतं.

त्या आठवड्यात दोन रात्री दमून मी एआयला म्हटलं, “आजची यादी आवरून टाक.” त्याने आवरली. म्हणजे उरलेल्या सगळ्या कामांवर खुणा केल्या. त्यात एक काम होतं, आईची रक्तदाबाची गोळी. आई म्हणजे तीच, जिच्या थालीपिठांसाठी तुम्ही माझा डबा मधल्या सुट्टीआधीच संपवायचात. आमच्या घरी त्या वेळी जो मोकळा असेल तो गोळी देतो. नवऱ्याने फोनवर खूण पाहिली, त्याला वाटलं मी दिली. झोपताना मी खूण पाहिली, मला वाटलं त्याने दिली. तिसऱ्या दिवशी आईला गरगरायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी मागवून मोजली, तर दोन गोळ्या जास्त निघाल्या. आई आता ठणठणीत आहे. पण त्या आठवड्यात खेळातलं माझं पात्र मात्र एक पातळी वर चढलं होतं.

रात्री ते वाक्य पुन्हा उघडलं आणि आठवीच्या वर्गातला बाईंचा आवाज ऐकू आला. फळ्यावर कर्मणी प्रयोग लिहून बाई खडू आपटायच्या, “केले जाते, केले जाते! कुणाकडून? कर्ता कोण?” माझ्या वाक्यात कर्ताच नव्हता. काम कुणी करायचं आणि झालं हे कुणी सांगायचं, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. रिकामी जागा एआयने आपल्या परीने भरली. त्याला दोष काय देणार?

मग नवं लिहिलं. “काम झाल्याचे वापरकर्त्याने या संभाषणात स्पष्ट सांगितले असेल तरच हे अवजार वापरा. ‘आवर’, ‘संपव’ अशा मोघम शब्दांवरून वापरू नका, आधी विचारा.” परिणामही लिहिले. रोजच्या कामावरची खूण मागे घेता येते, पण पुसलेलं काम परत येत नाही. चांगल्या सवयीचा अधिकचा गुण प्रत्येक हाकेला नव्याने मिळतो, म्हणून उत्तर आलं नाही तर परत हाक मारू नका, आधी यादी वाचा. मिनिटाला ३० च्या वर विनंत्या चालत नाहीत, तेव्हा घाई नको. दोन ओळींच्या अकरा झाल्या. सहकारी म्हणाला, “फार लांब झालं.” मी म्हटलं, राहू दे.

अवजारावर ‘हे फक्त वाचतं’ किंवा ‘हे नासधूस करू शकतं’ अशी चिठ्ठी लावायची सोय त्या पद्धतीत आहे. पण चिठ्ठी ती चिठ्ठीच, कुलूप नव्हे. वर्णन कितीही नीट लिहिलं तरी तेही कुलूप नाही. म्हणून काम पुसायचं अवजार आम्ही संचातून काढूनच टाकलं. ज्याला पुसायचंय त्याने स्वतःच्या बोटाने पुसावं.

आणि आईची गोळी खेळातून बाहेर काढली. आता फ्रिजवर एक कागद आहे. त्यात दोनच रकाने: तारीख, आणि गोळी कोणी दिली. तिथे पेनाने सही करायची. बाई, कर्ता लिहिलाय हो! आज सही नवऱ्याने करायची आहे. आठ वाजता मला त्याला फोन करायचाय, तेव्हा गाण्यांच्या कार्यक्रमातून तेवढी पाच मिनिटं मला सुट्टी द्या.