साच्यातले भूत



भुताच्या चित्रपटावर व्याख्यान ठेवण्याइतका विषयांचा दुष्काळ पडला काय, अशी शंका पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला दिसते आहे. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत साचा म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही, आणि आजचा विषय साच्याचाच आहे.

१९८८ साली अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ हा चित्रपट आला. मरणारा खुनी मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. बाहुल्याचे नाव चकी. बाहुला खरोखरच बोलतो, की पोर थापा मारते, हे आईला बराच वेळ उमगत नाही. सारी भीती त्या न उमगण्यात होती. १९९० साली दुसरा भाग निघाला. त्याचा शेवट बाहुल्यांच्या कारखान्यात होतो. आणि अवघ्या नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९९१ मध्ये, तिसरा! बंद कारखाना पुन्हा सुरू होतो, चकीचे रक्त वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळते, की झाला नवा बाहुला तयार. टीकाकारांनी नाके मुरडली, तिकिटे कमी खपली. आपल्या कल्पना तोवर आटल्या होत्या, हे लेखक डॉन मॅनचिनी यांनीच पुढे कबूल केले.

कारखान्यात हजारावा नग पहिल्यासारखा उतरला तर कारागिराला शाबासकी मिळते. येथे मात्र तेच नडले. बाहुला बोलतो हे प्रेक्षकाला ठाऊकच. आता पाळी कोणाची, एवढेच पाहायचे उरले.

तोच साचा महेश कोठारे यांनी १९९३ साली ‘झपाटलेला’साठी घेतला, पण धातू घरचा ओतला. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा, ज्यांच्या वडिलांचा अर्धवटराव मराठी घरांत आधीच परिचयाचा होता. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आणि नायक लक्ष्या हा शब्दभ्रमकार! बाहुली बोलवणे हाच ज्याचा धंदा, तो ‘बाहुला आपणहून बोलला’ म्हणाला तर विश्वास कोण ठेवणार? हरवलेला संशय असा परत आला, आणि हसतहसत आला. अमेरिकेतल्या चकीला विनोदाची वाट सापडायला १९९८ साल उजाडले. तेव्हा त्याला बायको मिळाली.

२०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. चष्मा लावला की तात्या अंगावर येतो खरा. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते, आणि बाहुल्यापुढे लक्ष्याची जी त्रेधा उडे, ती मला त्या चष्म्यातून कोठेच दिसली नाही.